पाण्याचं काय करायचं?

भर दुपारी तळ्यातल्या पांढऱ्या कुमुदाचा फोटो काढून बघा. पाकळ्या चुन्यासारख्या सपाट येतात, त्यांवरची एकही शीर दिसत नाही, आणि पानं तेल चोपडल्यासारखी चकाकतात. कॅमेऱ्यातला मीटर आजूबाजूचं काळंशार पाणी बघून जास्त प्रकाश घेतो आणि फूल जळून जातं. मुरलेला छायाचित्रकार एक्सपोजर मुद्दाम एखादा स्टॉप खाली ओढतो. पाणी आणखी काळं होतं, पाकळ्या वाचतात. इतपत कुणीही चार दिवसांत शिकतो. अवघड आहे ते पाणी. त्याची काच करायची, आरसा करायचा की काळोख, हे ठरल्याशिवाय शटर दाबण्यात अर्थ नसतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली कुमुदांची नावाजलेली छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा बघतो, ती याच एका निर्णयासाठी.

आधी कमळ आणि कुमुद यांची गल्लत मिटवू. कमळाची मोठी पानं देठावर छत्रीसारखी पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाची पानं पाण्यावर टेकलेली असतात आणि देठापाशी त्यांना खाच असते. म्हणजे कमळ पाणी झाकतं, कुमुद ते उघडं ठेवतं. छायाचित्रकाराला कुमुदाची ओढ लागते ती त्या उघड्या पाण्यामुळे.

इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या दलदलींत पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८६ मध्ये ‘गॅदरिंग वॉटर लिलीज’ हे छायाचित्र घेतलं. होडीत पुरुष वल्ही धरून बसलाय, बाई फुलाकडे हात लांबवतेय. हा प्लॅटिनम प्रिंट आहे. या पद्धतीत चित्र कागदाच्या तंतूंतच उतरतं, वर चकाकी नसते, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या असंख्य पायऱ्या मिळतात. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांना कंटाळलेल्या इमर्सन यांना डोळ्याला दिसतं तसं चित्र हवं होतं. त्यांच्या फोटोत पाणी म्हणजे माणसांच्या रोजच्या वावराची जागा आहे.

वीसेक वर्षांनी बॅरन अडॉल्फ द मेयर यांनी तळंच सोडून दिलं. १९०६ च्या सुमाराच्या त्यांच्या छायाचित्रात कुमुदं काचेच्या भांड्यात आहेत. प्रकाश काच, पाणी आणि पाकळी या तिन्हींतून गाळून येतो, आणि सौम्य फोकसमुळे कडा विरघळतात. फुलदाणीचं चित्र म्हणून कुणी ते उलटून पुढे जाईल. मला ते या विषयातलं सगळ्यात धाडसी काम वाटतं, कारण तळ्याचा गूढपणा ओंजळभर पाण्यातही असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि चित्रकार मोने? फ्रान्समधल्या झिव्हर्नीत १८९३ मध्ये जागा घेऊन त्यांनी तळं करवलं आणि पुढे कुमुदांची अडीचशेच्या आसपास चित्रं रंगवली. माळी होडीतून जाऊन पानं धुऊन काढायचा. धूळ उडू नये म्हणून मोने यांनी शेजारच्या रस्त्यावर स्वखर्चानं डांबर घालून घेतलं. १९०५ च्या सुमाराचा, त्यांनीच काढलेला मानला जाणारा एक फोटो आहे. त्यात तळं आहे, पानं आहेत, आणि पाण्यावर टोपी घातलेल्या डोक्याची सावली. अख्खी चित्रमालिका रंगवणारा माणूस तिथे फक्त सावलीपुरता उरलाय. मी त्या फोटोपाशी फार वेळ थांबतो.

त्याच बागेत १९७७ पासून काही वर्षं अमेरिकी छायाचित्रकार स्टीफन शोअर काम करत होते. बागेची डागडुजी सुरू होती. लोकांसाठी ती १९८० मध्ये उघडली. शोअर यांच्याकडे आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा मोठा कॅमेरा होता. मोने यांची नक्कल करायची तर चित्र धूसर करणं सोपं होतं. शोअर यांनी पान न् पान लख्ख ठेवलं.

लख्ख ठेवणं पाण्यावर किती कठीण! फूल चार हातांवर असतं, पण त्याच्या शेजारी दिसणाऱ्या ढगाचं प्रतिबिंब लेन्सच्या लेखी ढगाइतकंच दूर असतं. फुलावर फोकस केला की ढग पुसट होतो, ढगावर केला की फूल. सपाट दिसणाऱ्या पाण्यात दोन अंतरं राहतात, आणि त्यातलं कुठलं सोडायचं हे छायाचित्रकाराला सांगावं लागतं.

आपल्याकडे कासच्या पठारावर, जुन्या राजमार्गानं चालत गेलं की कुमुदिनी तलाव लागतो. तिथलं फूल वनस्पतिशास्त्राप्रमाणे खरं कुमुद नव्हे. निंफॉइडिस इंडिका ही वेगळ्याच कुळातली वनस्पती. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, मध्ये पिवळं, पाकळ्यांवर पांढरी लव. ही लव टिपायची तर सकाळचं तिरपं ऊन हवं आणि काठावर पालथं पडायची तयारी हवी.

आमच्या गावच्या तळ्यात मात्र खरी कुमुदं आहेत, रात्री उमलून सकाळी ऊन चढलं की मिटणारी. गेल्या पावसाळ्यानंतर मी पहाटेच जाऊन बसलो. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन साधला की पाण्यावरचं प्रतिबिंब पुसणारा पोलरायझर फिल्टर सर्वांत प्रभावी ठरतो. त्याची कडी हळूहळू फिरवली. आभाळ ओसरत गेलं आणि खालून तांबूस देठ दिसू लागले, चिखलातून वाकडेतिकडे वर आलेले. एक बुडालेली कळी, तिच्याभोवती बोटभर मासे. आणखी थोडं फिरवलं असतं तर आभाळ पूर्ण गेलं असतं. मी कडी मध्येच थांबवली. देठ अर्धे दिसत होते, ढग अर्धा राहिला होता. तेवढ्यात मासे हलले, आणि मी शटर दाबलं.