अळणी जपानची दंतकथा

दर दोन-तीन आठवड्यांनी फोनवर एक निरोप येतोच. जपानी माणूस अळणी जेवतो, साखरेला शिवत नाही, मूठभर भात खातो आणि म्हणून शंभरी गाठतो. सोबत चेरीच्या बहराखाली हसणाऱ्या आजीबाई. आजीबाई खऱ्या असतील, बाकीचं तपासावं लागेल.

सगळ्यात मोठी थाप मिठाची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. जपान सरकारच्या 2019च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात मोठ्या माणसांची सरासरी निघाली 10.1 ग्रॅम. दुप्पट! सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), खारवलेले मासे आणि लोणची यांवर उभा असलेला स्वयंपाक अळणी असेलच कसा? मिसो सूपच्या एका वाटीत दीड ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. भाताच्या मधोमध ठेवतात ती लाल, सुरकुतलेली उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, जुन्या पद्धतीनं मुरवलेली असेल, तर एका फळात साधारण दोन ग्रॅम. रामेन या नूडल्स-सूपचा वाडगा तळ दिसेपर्यंत प्यायला तर पाच-सहा ग्रॅम. आपल्याला हे जेवण सपक लागतं ते तिखट सापडत नाही म्हणून. तिखट नाही म्हणजे मीठही नाही, असं आपली जीभ परस्पर ठरवून टाकते.

आणि हे 10 ग्रॅम म्हणजे कमी झाल्यानंतरचे. 1950च्या दशकात उत्तरेकडच्या अकितामध्ये माणशी रोज 25 ग्रॅमच्या वर मीठ पोटात जात असे. हिवाळाभर बर्फ, ताजी भाजी नाही, घरात फ्रीज नाही; मग मुळा, कोबी, मासे, सगळं मिठात. 1951 ते 1980 या काळात जपानमध्ये सगळ्यात जास्त माणसं मेंदूच्या झटक्यानं दगावत होती. शंभरीचं गुपित सांगणारे या तीस वर्षांबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

डोंगराळ नागानोचीही तीच गत होती. तिथे 1980च्या दशकात मीठ कमी करण्याची मोहीम निघाली. गावातल्याच स्वयंसेवक बायका घरोघर जायच्या, चुलीवरच्या मिसो सूपमध्ये क्षारमापक बुडवायच्या आणि आकडा घरच्या बाईला दाखवायच्या. शेजारणीनं आपल्या पातेल्यात यंत्र घालणं काय असतं, याची कल्पना करा! त्या सूप बंद करा म्हणाल्या नाहीत. भाज्या भरपूर घाला म्हणजे वाटीत पाणी कमी मावेल, नूडल्सचं पाणी उरू द्या, एवढंच. पुढे नागानो आयुर्मानात देशात पहिलं आलं. श्रेय एकट्या मिठाचं नाही. रक्तदाबाची औषधं होती, 1961पासून सगळ्यांना आरोग्यविमा होता, ताटात मासे, सोयाबीन, भाज्या होत्या, लठ्ठपणा कमी होता. पण अळणी खाऊन हे झालं, असं म्हणणं म्हणजे शुद्ध उलटं सांगणं. खारट जेवणाशी भांडून झालं.

आता किरकोळ थापा. साखर? तेरियाकी, सुकियाकी, अंड्याची गुंडाळी, इतकंच काय सुशीच्या भातातसुद्धा साखर असते. आपल्या आमटीतल्या गुळासारखी ती दिसत नाही, एवढंच. फिक्या रंगाचा सोया सॉस कमी खारट? उलट गडद सॉसपेक्षा त्यात मीठ जास्त असतं. रंग फिका राहावा म्हणूनच ते वाढवतात.

मूठभर भाताची गोष्ट मात्र निम्मी खरी आहे. वाट्या लहान असतात, आणि पोट दहापैकी आठ भागच भरावं हा सल्ला जुना आहे. जपानी विद्वान काइबारा एकिकेननं 1713मध्ये आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात बेतानंच जेवायला बजावलं आहे. पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा, हे आपल्या आयुर्वेदानं सांगितलेलंच आहे. आपण कुठे ऐकलं? दक्षिणेकडच्या ज्या ओकिनावा बेटांच्या नावावर हा सल्ला खपवला जातो, तिथे अमेरिकी लष्करी तळांसोबत बर्गर आणि डब्यातलं मांस आलं. 2000 साली ओकिनावाचे पुरुष जपानी प्रांतांच्या आयुर्मानाच्या यादीत चौथ्या क्रमांकावरून थेट 26व्या क्रमांकावर घसरले.