फायरवॉल: बाहेर जाणाऱ्यावरही नजर हवी

भोरहून महाडकडे निघालं की वरंध घाटाच्या अलीकडे हिर्डोशी लागतं. अशा डोंगराकडेच्या गावातही दाखले, सातबारा, बँकेचे व्यवहार आता संगणकावर आलेत. तरी फायरवॉलचा विषय निघाला की, ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न ठरलेलाच. गावकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात, हे त्याचं उत्तर. शिवाय हल्लेखोर गाव बघून येत नाहीत. त्यांचे प्रोग्रॅम इंटरनेटवरचे पत्ते ओळीने तपासतात आणि उघडा पोर्ट, म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार, दिसला की आत शिरू पाहतात. मे २०१७मधला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून असाच पसरला. कुणी कुठे क्लिक करण्याची गरजही नव्हती.

‘अँटिव्हायरस आहे, मग फायरवॉल कशाला?’ अँटिव्हायरस फाइल तपासतो. फायरवॉल कोण कुणाशी, कोणत्या पोर्टवरून बोलतंय ते पाहते. दोन्ही लागतात.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: ‘विंडोजची फायरवॉल चालू आहे, म्हणजे झालं.’ २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २पासून ती आपोआप चालू असते, हे खरं. पण मूळ सेटिंगमध्ये ती आपण न मागवलेलं, बाहेरून येणारं अडवते आणि आतून बाहेर जाणारं जवळपास सगळं सोडते. मेलच्या अटॅचमेंटमधून शिरलेला प्रोग्रॅम आतूनच हल्लेखोराशी संपर्क साधतो. तिकडून आलेलं उत्तर फायरवॉलच्या लेखी आपणच मागवलेलं असतं, म्हणून तेही आत येतं.

आत शिरलेला प्रोग्रॅम काय करू शकतो, हे पुण्याने ऑगस्ट २०१८मध्ये पाहिलं. कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मालवेअरने उभा केलेला बनावट एटीएम स्विच पैसे काढण्याच्या विनंत्या परस्पर मंजूर करत होता. २८ देशांतून पैसे निघाले. म्हणून आतलं कोणतं यंत्र कुणाशी बोलू शकतं, याचेही नियम हवेत.

लहान कार्यालयाने सुरुवात उलटी करावी: आधी सगळं बंद, मग लागेल तेवढंच उघडं. वेबसाइटसाठी ४४३, नावावरून पत्ता शोधायला ५३ आणि तोही ठरलेल्या डीएनएस सर्व्हरपुरता. ४४३मधून जाणारा मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे साधी फायरवॉल तो वाचू शकत नाही, हेही ध्यानात असावं. बऱ्याच फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळला की थांबतात. ‘सगळं सोडा’ वर राहिलं तर खालचे नियम वाया. विंडोजमध्ये मात्र क्रम नाही, ‘अडवा’ हा नियम सहसा वरचढ ठरतो.

दुरुस्तीवाल्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर उघडला असेल, तर काम संपताच तो बंद करावा. आज एकच गोष्ट तपासायची असेल, तर ती हीच.