गाडी सर्व्हिसिंगला कधी टाकायची?

गेल्या महिन्यात कागलच्या गैबी चौकात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी तीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं, त्यामुळे असे विद्यार्थी आमच्या भागात जागोजागी भेटतात. हा मात्र गॅरेजच्या धंद्यात न राहता पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरला कामाला लागला. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यानं विषय काढला.

"सर, दीड वर्षापूर्वी जुनी गाडी घेतली बघा. वर्कशॉपवाले सारखे फोन करत्यात, सर्व्हिसिंगला आणा म्हणून. आता गाडी पळलीय सगळी मिळून पाच हजार किलोमीटर. हे लुटायचंच काम न्हाई का?"

त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य होतं. वर्कशॉपवाले जे सांगतात ते सगळंच गरजेचं असतं असं नाही. पण पाच हजार किलोमीटरच पळाली म्हणून काहीच गरज नाही, हा त्याचा हिशेब चुकला होता. मी त्याला विचारलं, "गाडीबरोबर पुस्तक आलंय का?" तो म्हणाला, "डॅशबोर्डच्या कप्प्यात असंल." बहुतेकांचं ते तिथंच असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

गाडी सर्व्हिसिंगला कधी टाकायची याचं उत्तर त्या पुस्तकात छापलेलं आहे, आणि ते दोन आकड्यांत आहे. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते. 'जे आधी होईल ते' हे शब्द लोक वाचत नाहीत. आपण फक्त किलोमीटरचा आकडा धरून बसतो. ज्याची गाडी महिन्याला दोनदा पुण्याला जाऊन येते, त्यानं तो आकडा धरला तर बिघडत नाही, कारण त्याचे दहा हजार किलोमीटर वर्षाच्या आत पुरे होतात. पण ज्याची गाडी घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढीच जाते, त्याला महिन्यांचा आकडा लागू होतो.

आमच्या वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळत होतं. दूधगंगेकाठी आमचं थोडं रान होतं आणि विहिरीवर ऑईल इंजिन होतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झालेलं. इंजिन काही कुठं प्रवासाला जात नव्हतं, मग किलोमीटर कुठले मोजणार? वडील खोपीच्या दारावर खडूनं रेघा ओढायचे. इतके तास चाललं की ऑईल बदलायचं. आणि पावसाळाभर इंजिन बंद राहिलं, तर दिवाळीनंतर पहिल्यांदा चालू करताना रेघा किती आहेत हे न बघता जुनं ऑईल ओतून द्यायचे. मोटारीचं इंजिन त्याच जातीचं आहे. ते चालू किती तास होतं आणि ऑईल त्यात किती महिने पडून होतं, हे दोन्ही मोजायला हवं. कावळा नाका ओलांडताना सिग्नलला इंजिन घरघरत उभं राहतं तेव्हा किलोमीटर शून्य पडतात. इंजिन मात्र चालूच असतं.

थोडं चालवणं हे इंजिनाला विश्रांतीसारखं वाटतं, पण तसं नसतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेनं खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन थंड असताना थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन चांगलं तापलं आणि काही वेळ तापलेलं राहिलं, तर हे दोन्ही उडून जातं. गैबी चौकातून निघून एसटी स्टँडवर पोरीला सोडून परत आलं, तर तीन किलोमीटरही होत नाहीत. काटा वर चढायच्या आत गाडी दारात. असं रोज झालं की पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्येच साठत जातं, ऑईलचा गुण जातो आणि हळूहळू चिखल धरतो. ऑईल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पांढरट साय दिसली तर बहुधा याच थोड्या थोड्या फेऱ्यांची खूण असते. मात्र त्याच वेळी कूलंटही कमी होत असेल, तर मामला हेड गॅस्केटचा असू शकतो; मग थांबू नका.

पुस्तकात आणखी एक तक्ता असतो, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचा. धूळ, थोड्या थोड्या फेऱ्या, फार वेळ उभ्या जागी इंजिन चालू, घाटाचे रस्ते. आपली गाडी त्यात बसत नाही असं प्रत्येकाला वाटतं. कागलात राहणाऱ्यानं हंगामात एकदा एअर फिल्टर काढून उन्हात धरावा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागून जी धूळ आपण खातो, तीच गाडी खाते. कागदी फिल्टरमधून उजेड दिसेना झाला, तर किलोमीटर कितीही असोत, तो बदलायचा. पाण्यानं धुऊन परत बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकं आली. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला तो चांगला तापावा लागतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो तापतच नाही, मग तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा नुकताच लागला असेल, तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एका वेगानं गाडी पळवली की बऱ्याचदा तो विझतो. आपल्याला महामार्ग दाराशीच आहे, निपाणीपर्यंत जाऊन यावं. दिव्याकडे महिनाभर काणाडोळा केला तर मात्र मोठा खर्च पुढ्यात येतो. या गाड्यांचं ऑईलही वेगळ्या प्रतीचं असतं, दुकानदार देईल ते घालू नये.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होतो. आता दिव्याखालच्या अंधाराची गोष्ट सांगतो.

निवृत्तीनंतर माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालायची. ऑईल मी दरवर्षी बदलायचो, त्यात चूक नव्हती. पण गॅरेजमध्ये गाडी सोडताना एक ठरलेलं वाक्य होतं: "ऑईल, फिल्टर बदल, धुऊन ठेव, बाकी काही नको." २०१६ च्या मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण आजऱ्यावरून आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघालो. डिकी सामानानं भरलेली. आंबोलीचा धबधबा मागे टाकून दाणोलीकडे उतरताना पुढं एक ट्रक रांगत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून त्याच्यामागे उतरत राहिलो. हीच पहिली चूक. दोन-तीन वळणांनंतर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते तळाला टेकलं आणि गाडी तशीच पुढं.

पेडल भराभर दाबलं तेव्हा थोडा ब्रेक लागला. दुसरा गिअर, मग पहिला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत मी डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घातलं. हँडब्रेक केबलवर चालतो, म्हणून तो शाबूत होता. गाडी थांबली. मागं नातवंडं होती, ती हसत होती, त्यांना काही कळलं नव्हतं. बायकोला कळलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, पोरांना हेच शिकवत होता काय?"

अर्ध्या-पाऊण तासानं पेडल पुन्हा कडक झालं. तेव्हाच मला निदान समजलं. ब्रेक फ्लुइडला हवेतला ओलावा शोषून घ्यायची सवय असते. गाडी चालो न चालो, रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ओलावा आत जातच राहतो. 'डॉट ३' प्रतीचं नवं फ्लुइड २०५ अंश सेल्सिअसला उकळलं तरी चालतं, त्याच्या आधी उकळून चालत नाही, असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकापाशी तेवढी उष्णता सहज तयार होते. फ्लुइड उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दाबली जाते, मग पाय नुसता खाली जातो. गाडी निवली की वाफेचं परत फ्लुइड होतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सावंतवाडीत एका मेकॅनिकनं टाकीचं झाकण उघडून दाखवलं. मधासारखं असायला हवं ते कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. ते बदलून पाच वर्षं उलटली होती. साधारण दोन वर्षांनी बदलावं, असं माझ्या गाडीच्या पुस्तकात होतं. खर्च काही शे रुपयांचा.

माझ्या बिलांवर हे काम कधी नव्हतं, कारण मीच 'बाकी काही नको' म्हणत होतो. म्हणून आता सर्व्हिसिंगला गाडी सोडताना मी आधी गेल्या तीन-चार वर्षांची बिलं काढून बसतो. काय केलं यापेक्षा काय केलंच नाही, ते शोधतो. ब्रेक फ्लुइड कधी बदललं, कूलंट कधी, गिअर ऑईल कधी. कूलंटच्या जागी कुणी बोअरचं पाणी ओतलंय का? आपल्याकडचं जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरतं. टायमिंग बेल्ट असेल तर तो पुस्तकातल्या मुदतीत बदलायचाच. तो आधी सांगून तुटत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. काही गाड्यांना बेल्टऐवजी साखळी असते; आपल्याला काय आहे ते विचारून घ्यावं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. काही तर आपल्याच भागातल्या उसाचं! तेव्हा जुन्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या एकदा बघून घ्यायला सांगायला हरकत नाही. विजेच्या गाडीला इंजिन ऑईल नाही, पण ब्रेक फ्लुइड तिलाही आहे.

आता वर्कशॉपवाले स्वतःहून जे सुचवतात, त्याबद्दल. इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, कोटिंग, एसीचा सुगंधी फवारा. गाडी नीट सुरू होते, झटके देत नाही, अ‍ॅव्हरेज घटलेलं नाही, तर यातल्या बहुतेक कामांना मी नाही म्हणतो. पुस्तकात हे आहे का, एवढं विचारलं की निम्मी यादी गळते. व्हील अलाइनमेंट दर खेपेला कशाला? गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनं झिजत असेल किंवा चाक खड्ड्यात जोरात आपटलं असेल, तर जरूर करावी. जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक काम आणि त्याचा अंदाजे खर्च लिहून घ्यावा, यादीबाहेरचं काही निघालं तर फोन करा असं सांगावं, आणि बदललेले जुने सुटे भाग मागून घ्यावेत. यात संकोच कसला? चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र पुस्तकातल्या मुदती पाळाव्यात आणि नोंदी जपून ठेवाव्यात. आणि 'मोफत सर्व्हिसिंग' म्हणजे मजुरी मोफत. ऑईल-फिल्टरचे पैसे सहसा द्यावे लागतात.

महिना निवडायचं आपल्या हाती असेल, तर माझं मत मेच्या मध्याचं. हंगामाची धूळ संपलेली असते आणि मिरगाच्या पावसाआधी वायपर, ब्रेक, दिवे, टायर एकदम बघून होतात. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसते. घाईत पुसून परत दिलेली गाडी मला नको. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर कसलीच मुदत धरू नये. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला चावी लावायचीच नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असलं तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून न्यावी.

त्या विद्यार्थ्याला मी एवढं सगळं चौकात उभं राहून सांगितलं नाही. पुस्तक आणि बिलं घेऊन रविवारी घरी बोलावलं. वर्कशॉपनं दिलेल्या यादीतली चार कामं आम्ही खोडली. दोन घातली: ब्रेक फ्लुइड, आणि मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून बघणं. एकूण आकडा फारसा बदलला नाही, तेव्हा तो जरा हिरमुसला. मग मी त्याला टायरवरचे चार आकडे वाचायला शिकवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर २०२२ चे निघाले, चांगले होते. डिकीतल्या स्टेपनीवर '३८१६' होतं, म्हणजे २०१६ चा अडतिसावा आठवडा. रबर बोटानं दाबलं तर बाजूला बारीक भेगा उघडल्या.

"सर, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पंढरपूरला जायचंय," तो म्हणाला.

"मग हवा बघून भागायचं नाही," मी म्हटलं. सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, स्टेपनीला नवीन टायर टाकला म्हणून.