बिअरचे प्रकार आणि मुरवणीची प्रक्रिया

‘बिअर’ हा शब्द मराठीत एकाच पेयाचे नाव म्हणून रूढ झाला असून ‘माइल्ड’ व ‘स्ट्राँग’ एवढेच तिचे प्रकार मानले जातात. वस्तुतः हा फरक केवळ मद्यार्काच्या प्रमाणाचा आहे. रंगही निर्णायक नव्हे. तो मुख्यतः माल्ट किती भाजले यावर ठरतो. शास्त्रीयदृष्ट्या मूलभूत भेद यीस्टचा, किण्वनाच्या तापमानाचा आणि त्यानंतरच्या मुरवणीचा आहे.

एल प्रकारात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट साधारणतः १५ ते २२ अंश सेल्सिअसला कार्य करते. पाव फुगविणारे यीस्टही याच जातीचे. स्टाउट, पोर्टर आणि बहुतेक गव्हाच्या बिअर एलमध्येच मोडतात. लागरचे यीस्ट संकरित असून ते ७ ते १३ अंशांना संथपणे काम करते. त्याच्या एका पूर्वजाची ओळख पाटागोनियाच्या अरण्यात पटली ती २०११ मध्ये!

किण्वन संपले म्हणजे बिअर तयार झाली असे नव्हे. कोवळ्या बिअरमध्ये डायॲसिटिल असते. लोण्याचा जो वास आपणांस हवासा वाटतो, तो बऱ्याच अंशी याच द्रव्याचा. लागरमध्ये मात्र तो दोष ठरतो. मुरताना यीस्ट हे द्रव्य पुन्हा शोषून त्याचे जवळजवळ गंधहीन द्रव्यात रूपांतर करते, गंधकयुक्त वायू निघून जातात आणि गाळ तळाशी बसतो. त्यासाठी लागर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे ठेवली जाते. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. एलला बहुधा थोडका काळ पुरतो. काही एल किंचित साखर घालून बाटलीतच मुरवितात. तेथील फेस यीस्टने सोडलेल्या कर्बवायूचा असतो.

मुंबईशी या विषयाचा जुना संबंध आहे. लंडनच्या हॉजसन यांची फिकट एल पिंपांतून केपमार्गे, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिन्यांनी येथे पोहोचे. हॉप्समुळे ती टिके, आणि प्रवासातच मुरे. जहाजाने आलेला अमेरिकन बर्फ मुंबईने १८३४ मध्ये पाहिला. तथापि उष्ण प्रदेशात लागर बनविणे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शीतयंत्रांमुळे.

कोल्हापूरच्या हवेत आंबील एका रात्रीत आंबते. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा एललाही थंडावा द्यावा लागतो. लागरची टाकी तर आठवडेच्या आठवडे वीज खाते. साहजिकच मुरवणीचा काळ आखडण्याचा मोह होतो. ही घाई पकडण्याची चाचणी मात्र सोपी आहे. नमुना झाकून सुमारे ६० अंशांपर्यंत तापवावा, निववावा आणि हुंगावा. लोण्याचा वास आल्यास टाकी आणखी काही दिवस तशीच ठेवावी लागते.