उतारवयाचे पाठ

कोल्हापूरजवळच्या उचगावाला अपंगत्व अपरिचित नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली स्थापिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ या संस्थेचे ‘घरौंदा’ वसतिगृह याच गावात असल्यामुळे चाकाच्या खुर्चीला वाट करून देणे येथील लोकांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु ज्याची बुद्धी बालपणीच थबकली असे समजून, पन्नाशी उलटल्यावरही सारी गल्ली ज्याला ‘बाळ’ म्हणूनच हाक मारते, त्याला तो म्हातारा होत चालला आहे हे कोणी आणि कसे सांगावे, हा प्रश्न निराळा. आणि येथल्याच एका घराच्या सोप्यात बसून तो सोडवू पाहणाऱ्या एका विशेष शिक्षिकेचे काम मी काही दुपारी जवळून पाहिले.

या गृहस्थांना जन्मतः डाऊन सिंड्रोम आहे. लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले आणि लेज्यून यांनी १९५९ साली तिचे कारण, म्हणजे एकविसावे गुणसूत्र जादा असणे, दाखवून दिले. पण अशी माणसे पूर्वी फार जगतच नसल्यामुळे त्यांच्या वार्धक्याचा विचार करण्याची पाळी कोणावर आली नव्हती. आता पाश्चात्त्य देशांत ती सरासरी साठीच्या आसपास पोहोचतात. मात्र अल्झायमरशी निगडित असलेल्या प्रथिनाचे जनुकही त्याच एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याने स्मृतिभ्रंश त्यांना चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो.

बाईंनी दोरीवर चिमट्यांनी छायाचित्रे टांगली होती: शाळेच्या गणवेशातले, भावाच्या लग्नातले, गांधीनगरच्या कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालतानाचे आणि अगदी अलीकडचे. शेवटच्यावर बोट ठेवून बाईंनी विचारले, “दादा, हे कोण?” त्यांनी निःशंक उत्तर दिले, “आबा.” आबा म्हणजे दिवंगत वडील. ज्यांच्या घरी ते राहतात त्या वहिनींना हसू आवरेना, “भावजी, ह्ये तुम्हीच की!” त्या म्हणाल्या. बाईंनी मात्र घाई न करता आरसा पुढे केला, पांढरे केस छायाचित्रात आणि डोक्यावर दोन्हीकडे बोटाने दाखविले, आणि पुष्कळ वेळ त्यांना पाहू दिले.

गुडघा दुखू लागला तेव्हा आपण काही गुन्हा केला म्हणून ही शिक्षा झाली, अशी त्यांची समजूत झाली होती, असे वहिनींनी सांगितले. ही समजूत मला बुद्धीच्या उणिवेपेक्षा आपल्या मौनाचे फळ वाटते. ज्याला जन्मभर लहान ठेवले, त्याच्यापाशी म्हातारपणाची वार्ता काढण्याची गरजच कोणाला भासली नाही. शेजारच्या एका वृद्धाने सद्भावनेने मदत करू जाता सांगितले की, बैलसुद्धा थकला की औताला जुंपत नाहीत, त्यावर यांनी तत्काळ विचारले, “मग मला बाजारात नेणार?” शब्द जसाच्या तसा घेणाऱ्या माणसापुढे उपमा किती जपून वापराव्यात, हे पंडितांनीही शिकण्यासारखे आहे. आबांच्या निधनानंतर ‘ते झोपलेत’ असे कोणी म्हटल्यामुळे हे कित्येक रात्री अंथरुणाला पाठ टेकेनात. बाई ‘मेले’ असाच शब्द वापरतात. श्वास थांबला, दुखणे थांबले, आता परत येणार नाहीत, एवढेच सांगतात, आणि पुन्हा विचारले की पुन्हा तेच, त्याच शब्दांत.

दुकानातले काम एकदम न सोडविता अर्ध्या दिवसावर आणले. पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगविल्या. विसरणे वाढले म्हणून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्यापूर्वी थायरॉइड, मोतीबिंदू आणि कान तपासून घेण्याचा आग्रह बाईंनी धरला, कारण या तिन्ही तक्रारी अशा व्यक्तींत नेहमीच्या असून उपचाराने पुष्कळशा सावरतात. माणूस धडधाकट असतानाच तो काय काय करू शकतो याचे टिपण दप्तरी असावे, म्हणजे पुढची उतरण ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे. ते येथे कोणी ठेवले नव्हते.

राहिला तो कोर्टकचेरीसारखा भासणारा, पण खरा नाजूक पाठ. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो. त्या कागदात काय लिहिले आहे आणि वहिनींच्या मागे आपण कोणाच्या घरी राहणार, हे ज्याच्याविषयी तो कागद आहे त्याला आधी सांगितलेच पाहिजे, यावर बाई ठाम आहेत. “आत्ताच नको, बाई,” वहिनी म्हणाल्या, “मलाच ऐकवायचं न्हाई.” तेव्हा तो पाठ दिवाळीनंतर घेण्याचे ठरले, आणि त्याच्या पहिल्या दिवशी वहिनींनीही सोप्यात बसावे, अशी अट बाईंनी घातली.