पाट्या उतरल्या, स्पर्धा उतरली का?

2017 मध्ये 27 असलेल्या सरकारी बँका, मुख्यतः विलीनीकरणांमुळे, 1 एप्रिल 2020 ला 12 उरल्या. देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद अशा पाट्या उतरल्या आणि ‘आता स्पर्धा संपली’ असं सर्रास बोललं जाऊ लागलं. पण स्टेट बँकेच्या पाच सहयोगी बँका मुळात तिच्याच ताब्यात होत्या. तिथं पाट्या कमी झाल्या, प्रतिस्पर्धी नव्हेत. म्हणून अर्थतज्ज्ञ हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक काढतात. प्रत्येक बँकेच्या बाजारातल्या हिश्श्याच्या टक्केवारीचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे. दहा सारख्या बँका असतील तर उत्तर 1000, एकच असेल तर 10,000. पाच आणि दोन टक्क्यांच्या बँका एकत्र आल्या तर भर पडते फक्त 20 ची. मात्र सगळ्या सरकारी बँकांचा मालक एकच धरला, तर निम्म्याहून जास्त ठेवी एका हाती येतात आणि तेवढ्यानंच आकडा 2500 च्या वर जातो. एक कोण आणि वेगळा कोण, हे आधी ठरवावं लागतं, गणित त्यानंतरचं.

बरं, निर्देशांक कमी म्हणजे स्पर्धा जोरात, हेही खरं नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2011 मध्ये बचत खात्याचे व्याजदर मोकळे केले. काही लहान खासगी बँका सहा टक्क्यांपर्यंत गेल्या. मोठ्या बँका मात्र जुन्या चार टक्क्यांवरच बसून राहिल्या. जुलै 2017 मध्ये स्टेट बँकेनं दर हलवला, तोही खाली, साडेतीनवर. ठेवीदार पळाले नाहीत, कारण पगार, कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते सगळं त्या एका खात्याला बांधलेलं. यूपीआयमुळे हे बदललं, असं कुणी म्हणेल. यूपीआयनं पैसे हलतात. मोबाइल नंबरसारखा खाते क्रमांक घेऊन दुसऱ्या बँकेत जाता येत नाही. उलट बाजूनं, स्टिन क्लासेन्स आणि लूक लेवन यांनी 2004 मध्ये 50 देशांचा अभ्यास मांडला, त्यात बँका मोजक्या म्हणून स्पर्धा कमी, असा पुरावा सापडला नाही. नव्या बँकेला दार किती उघडं, याला जास्त वजन निघालं.

आणि बाजार तरी कुठला मोजायचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये फिलाडेल्फियातलं एक मोठं विलीनीकरण अडवलं, ते देशाचा नव्हे, ते शहर धरून भोवतालच्या चार काउंट्यांमधला हिस्सा बघून. आपल्याकडे तालुक्याच्या गावातला दुकानदार कर्जासाठी मुंबईतल्या सगळ्या बँकांचे दर विचारत फिरत नाही. त्याच्यासमोर दोन-तीन शाखा आणि बाजारपेठेतली पतसंस्था असते, आणि ती पतसंस्था बँकांच्या देशपातळीवरच्या हिशेबात धरलेलीच नसते.