काजूचे टरफल आणि पोफळीचे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यातील काजूच्या कारखान्यांमागे साचणारी टरफले, भातगिरणीतला तूस आणि बागांच्या छाटणीचे लाकूड यांचा हिशेब आजवर सरपणाच्याच सदरात मांडला गेला. परंतु वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनाचा असतो, आणि डिझेल म्हणजे तरी हायड्रोजन धारण केलेल्या कार्बनाच्या साखळ्याच होत, हे ध्यानात घेतले म्हणजे या ढिगांची योग्यता निराळीच ठरते.

जर्मनीत म्यूलहाइम येथे फ्रान्त्स फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या कृतीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण, दाब देऊन, दोनशे अंशांवर तापलेल्या लोखंडाच्या वा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेले की द्रव इंधन तयार होते. त्यांचा कच्चा माल दगडी कोळसा होता. लाकूडही भट्टीत वायुरूप करता येते. अडचण आहे ती प्रमाणाची. एका कार्बन मोनॉक्साइडमागे हायड्रोजन दुप्पट हवा, आणि लाकडाच्या वायूत तो जेमतेम बरोबरीचा असतो. ही तूट वाफेच्या साह्याने आतल्या आत भरून काढता येते खरी, पण तिच्यापायी पुष्कळसा कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यावाटे जातो, व झाडाने कमावलेल्या कार्बनाचा साधारण तिसरा हिस्साच इंधनात उतरतो.

हाच हायड्रोजन पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने बाहेरून पुरवला, तर तेवढ्याच टरफलांतून दुपटीहून अधिक इंधन निघू शकते. या योजनेतले मला सर्वांत मोहक वाटणारे अंग असे की, किलोभर हायड्रोजनाबरोबर सुटणारा ८ किलो प्राणवायूही वाया जात नाही. वायूत हवेतला नायट्रोजन मिसळू नये म्हणून भट्टीला नेमका तोच हवा असतो.

विजेने पाणी विघटित करण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. १९६०च्या दशकात भाक्र्याच्या विजेवर नांगल येथे असाच हायड्रोजन काढून खत बनत असे. आणि १९६२ साली कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या वीजगृहात उतरले. किलोभर हायड्रोजनाला ९ किलो पाणी पुरते; त्याची ददात या मुलुखात नाही. वीज मात्र ५० युनिटांहून अधिक लागते, आणि कोयनेची वीज ऐन मागणीच्या वेळेसाठी राखलेली असल्याने तिच्यावर भिस्त ठेवणे रास्त नव्हे. पावसाळ्याचे चार महिने ढगांखाली काढणाऱ्या कोकणाला देशावरची सौर वीज तारांवरून आणावी लागेल.

टरफलेही मोकळी पडलेली नाहीत. त्यांतले तेल काढले जाते, कित्येक बाष्पकांत तीच जळतात. म्हणून यंत्रांच्या खरेदीआधी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकरवी तालुकावार मोजदाद व्हावी, आणि भाजावळीला व जमिनीला लागणारा पालापाचोळा तीतून प्रथमच वजा करावा.